जन्मगाव : हळहळली

आईचं ज्येष्ठ नागरिकांचं कसलंसं कार्ड काढायचं होतं, म्हणून मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री लॅपटॉप घेऊन बसले. फॉर्म इंग्रजीत भरायचा आणि शेजारच्या रकान्यात तेच मराठीत आपोआप उमटणार, अशी सोय. सोय कसली, शिक्षा. आडनाव दोनदा बिघडलं, आजोबांच्या नावातला अनुस्वार उडाला, ते सगळं निस्तरत निस्तरत मी जन्मगावाच्या रकान्यापर्यंत आले आणि टाइप केलं, एच ए एल एच ए एल एल आय. शेजारी मराठीत उमटलं, हळहळली.

जन्मगाव : हळहळली.

एकटीच खदाखदा हसले. मग नवऱ्याला दाखवलं. तो रत्नागिरीचा, त्याला आधी यात विनोद काय आहे तेच कळेना. समजावून सांगितल्यावर हसला आणि अगदी सहज म्हणाला, मग खरं नाव कसं लिहायचं? मी सांगायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बोलताना आम्ही सगळे 'हालळ्ळी' म्हणतो, मधला ह घशातच विरतो. शेवटच्या 'हळ्ळी'बद्दल काही वाद नाही, हळ्ळी म्हणजे कानडीत खेडं, हे आमच्याकडं शेंबडं पोरगंही सांगेल. पण पुढचं अक्षर? हाल की हाळ? चाळीसेक वर्षं त्या गावाला जातेय, उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिथं काढल्या, पाठीला डबा बांधून विहिरीत पोहायला तिथं शिकले, आणि ते नाव नक्की कसं लिहायचं ते मला सांगता येत नव्हतं. फॉर्म तसाच सेव्ह करून झोपले. झोप कसली. अंधारात पडल्या पडल्या जीभ तोंडात फिरवत होते, ल, ळ, ल, ळ.

कारण फरक साधासुधा नाहीये. कानडीत हालु म्हणजे दूध आणि हाळु म्हणजे उजाड, ओसाड, वाया गेलेलं. जिभेचं टोक दातामागं टेकवलं की दुधाचं गाव, जरा मागं वळवून टाळूला लावलं की ओसाड गाव. मराठी कानाला यातलं काहीच ऐकू येत नाही, त्याला ऐकू येतात ते 'हाल', आणि अक्कलकोट तालुक्यातलं उन्हाळ्यातलं पाणी बघितलं तर तेही काही खोटं नाही. इंग्रजीकडं सगळ्यांना मिळून एकच एल, तो दूध, ओसाडी, हाल सगळं एकाच भांड्यात ओततो, आणि त्या भांड्यातनं परत मराठीत काढायला गेलं की हळहळली निघते. किंवा मग 'हल्ली'. मोबाईलमध्ये कर्नाटकातल्या कितीतरी खेड्यांच्या नावाला हल्ली हल्ली लागलेलं मी वाचलंय, म्हणजे गाव आहे की आजकालची बातमी आहे तेच कळू नये.

ळ या अक्षराचं नशीबच तसं आहे. मराठीत आहे, कानडीत आहे, दोन्हीकडचे लोक तो तोंडभरून म्हणतात, पण मधे कुणी तिसरा आला की तो गेलाच. हिंदीवाला त्याचा ल करतो नाहीतर ड. उर्दूत तर तो नाहीच, आणि आमच्या पलीकडचा आळंद-गुलबर्ग्याचा सगळा पट्टा निजामाकडं होता, तिथले कागद उर्दूत, म्हणजे तिकडच्या हळ्ळ्या कागदावर कितीतरी आधीच हल्ल्या झाल्या असणार. आमचा तालुका अक्कलकोट संस्थानात, तिथं मोडी. मोडीत ळ होता, पण ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नव्हती. मग इंग्रजी, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. एवढ्या हातांतून गेलेल्या नावाचं मूळ शोधायचं म्हणजे लग्नाच्या पंगतीत हरवलेली चप्पल शोधण्यासारखं आहे, चप्पल मिळते, पण ती आपलीच असेल असं नाही.

दुसऱ्या दिवशी आईला स्क्रीनशॉट पाठवला. तिचा व्हॉइस मेसेज आला, "अगं हे कुणी रडवलं आमच्या गावाला?"

आईचं माहेर कानडी. म्हणजे महाराष्ट्रातलं कानडी. घरात कानडी, बाजारात मराठी, मशिदीजवळच्या किराणा दुकानात दखनी, आणि यात कुणालाच काही विशेष वाटत नाही. जिल्हा परिषदेची शाळा कानडी माध्यमाची, तिथं आई सातवीपर्यंत शिकली, आणि मग सोलापुरात मराठी घरात लग्न करून आली. मला लहानपणी सगळ्यात मोठं कोडं पडायचं ते नात्यांचं. माझ्या आईला मी आई म्हणायचे आणि आईच्या आईला सगळी मामेभावंडं म्हणायची आयी. आजोबा म्हणजे मुत्त्या. आणि माझी आई तिच्या आईला म्हणायची अव्वा. म्हणजे दुपारी सोप्यात सगळे झोपलेले असताना मी "आई" अशी हाक मारली की दोन बायका उठायच्या.

आयी पहाटे म्हैस पिळायची. पितळी चरवी गुडघ्यात धरून बसायची, आणि पहिल्या चार धारांचा चरवीच्या बुडावर आपटणारा जो पातळ, टणटण आवाज असतो तो हळूहळू जाड होत जातो, मग फसफस असा मऊ होतो, त्यावरनं मी गोधडीतच ओळखायचे की आता चरवी अर्धी झाली. मग ती ओरडायची, "एद्देळ, हाल कुडी," ऊठ, दूध पी. निरसं, कोमट, म्हशीच्या वासाचं. मला ते अजिबात आवडायचं नाही. पण ते 'हाल' मला आजही तसंच्या तसं ऐकू येतं, ल अगदी स्वच्छ, दातामागचा. आणि तिचा ळ पण मला पक्का माहिती आहे, कारण ती शिव्या देण्यात पटाईत होती. म्हशीनं लाथ मारली, वीज गेली, रॉकेल संपलं, काहीही झालं की "हाळागि होगली!" वाटोळं होऊ दे. तो ळ टाळूवरनं असा काही फेकायची की अंगणातल्या कोंबड्या पळायच्या.

म्हणजे दूध पण तिच्या तोंडात होतं आणि ओसाडी पण. फक्त गावाचं नाव ती कसं म्हणायची ते मला आठवत नाही. आपल्याच गावाचं नाव गावातली माणसं घेतात कशाला? ती म्हणायची 'ऊरु'. ऊरात असं झालं, ऊरातनं तमका आला. गावाला नाव लागतं ते बाहेरच्यांसाठी. बस स्टँडवर कुणी तरी "यावूर री?", कुठलं गाव हो, असं विचारतं, तेव्हाच ते पेटीतनं काढायचं.

आयीकडं गोष्ट मात्र होती. कुणा गवळ्याची गाय रोज एका वारुळापाशी जाऊन आपोआप दूध सोडायची, खणलं तर लिंग निघालं, तिथं देऊळ बांधलं, म्हणून दुधाचं गाव, हालहळ्ळी. मोठी झाल्यावर कळलं की ही गाय महाराष्ट्र-कर्नाटकातल्या निम्म्या देवळांतून फिरून गेलेली आहे, कुठंही जा, तिनं तिथं आधी दूध सोडलेलं असतंच. मुत्त्या ही गोष्ट ऐकत पान जमवत बसायचा आणि शेवटी फक्त एवढंच म्हणायचा की गाव आधी इथं नव्हतंच. ओढ्याच्या पलीकडं होतं. तिकडं एक पांढरी आहे, पावसाळ्यानंतर नांगरट केली की खापरं वर येतात, काळ्या-लाल, बोटाएवढ्या, एकदा मला बांगडीचा निळा तुकडा सापडला होता. दुष्काळात का पटकीत ते गाव उठलं आणि माणसं अलीकडं येऊन बसली, असं त्याचं म्हणणं. कुठला दुष्काळ ते त्याला माहीत नव्हतं. १८७६ ते ७८ चा असू शकेल, तो सोलापूर-विजापूर पट्ट्यात फार वाईट होता. किंवा त्याच्याही आधीचा कुठला तरी. जुन्या दप्तरात अशा उठलेल्या गावाला बेचिराख म्हणतात. चिराग नसलेलं, जिथं संध्याकाळी दिवा लागत नाही ते. महसुलाच्या रुक्ष कागदात इतका सुंदर शब्द कुणी घातला असेल कोण जाणे. तर मुत्त्याच्या हिशेबानं आमचं गाव ओसाड गावातनं उठून आलेलं, म्हणजे हाळहळ्ळी.

नवरा-बायकोत पन्नास वर्षं हा वाद होता का, तर नाही. वाद नव्हताच. तिनं तिचं सांगायचं, त्यानं त्याचं.

वाद घालायची सवय आपल्याला, शिकलेल्यांना. मी शाळेत शिकले की सोळा गावं मिळून सोलापूर झालं. सरांनी फळ्यावर सोळाचा आकडा काढून दाखवला होता, त्यामुळं ते मनात पक्कं बसलं. मग कधीतरी कळलं की बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांच्या काळात या गावाचं नाव सोन्नलिगे होतं, आणि ज्या सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत आम्ही दरवर्षी पाळण्यात बसतो, भागाईच्या शेंगा आणि रेवड्या खातो, त्यांची वचनं कानडीत आहेत. सोन्नलिगेला सोळा पुरांशी काही देणंघेणं नाही. पुढं इंग्रजांनी त्यात श घालून शोलापूर केलं, चादरीच्या लेबलांवर ते स्पेलिंग मी लहानपणी पाहिलेलं आहे. आणि पंढरपूर तर विचारूच नका. तिथल्या १२३७ च्या शिलालेखात गावाचं नाव 'पंडरगे' असं येतं, होयसळ राजा सोमेश्वराच्या वेळचा लेख. ज्ञानेश्वरांनीच विठ्ठलाला कानडा म्हणून ठेवलंय, त्यामुळं वारकऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. वाटतं ते आपल्यासारख्यांना.

दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडल आहे, सीना आणि भीमा मिळतात तिथं. कॉलेजच्या ट्रिपला गेले होते. संगमेश्वराच्या देवळात गाईडनं टॉर्चचा उजेड वर तुळईवर तिरका टाकून दाखवला होता, शके ९४०, म्हणजे १०१८ चा लेख, त्यातली शेवटची ओळ मराठी, 'वाछि तो विजेया होईवा'. जो वाचेल तो विजयी होईल. मराठीतल्या जुन्यात जुन्या शिलालेखांमधला हा एक, सगळ्यांनी मान वर करून, टाळ्या वाजवून वगैरे झालं. परत येताना एसटीत शेजारी बसलेल्या आमच्याच वर्गातल्या एका कानडी मुलीनं खिडकीतनं बाहेर बघत म्हटलं, कुडल म्हणजे आमच्यात संगम. कृष्णा आणि मलप्रभा मिळतात तिथं कुडलसंगम आहे तसंच हे. म्हणजे मराठीचं एवढं जुनं वाक्य कोरलेलं आहे ते ज्या गावात, त्याचं नाव कानडी. आणि मराठीचं तितकंच मानाचं दुसरं वाक्य, 'श्रीचावुंडराजें करवियलें', ते कुठंय तर पार तिकडं श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी. एकमेकांच्या घरात ठेव ठेवल्यासारखं केलंय दोघींनी. मला त्या वेळी हे फार भारी वाटलं होतं. आता वाटतं की कोरणाऱ्याला काही सीमा वगैरे ओलांडायची नव्हती, त्याला ज्यांना वाचून दाखवायचं होतं ती माणसं समोर उभी होती, बास.

एकदा हा नाद लागला की पाट्या सुखानं वाचता येत नाहीत. बेळगावात माझी आत्या राहते, तिच्याकडं जाताना प्रत्येक फाट्यावर माझं चालू. राकसकोप, जिथल्या धरणाचं पाणी बेळगाव पितं, ते ऐकलं की मराठी माणसाला राक्षसाचा कोप आठवतो, रागावलेला राक्षस. पण कानडीत कोप्प म्हणजे वस्ती, वाडी. राक्षस आपला शांतपणे वाडी करून राहिलाय. कुद्रेमानी, आता कुदुरे म्हणजे घोडा आणि मने म्हणजे घर, घोड्याचं घर, पागा असेल तिथं. बेकिनकेरे, बेक्कु म्हणजे मांजर, मांजराचं तळं का मांजराची गल्ली, काय ते. आणि या कुद्रेमानीत, कडोलीत, उचगावात, येळ्ळुरात गावोगावी मराठी साहित्य संमेलनं भरतात, मांडव घालून, ग्रंथदिंडी काढून, पुण्यात होत नसतील इतक्या हौसेनं. चंदगड तालुक्यात एक होसूर आहे. होस ऊर, नवं गाव. किती शतकांपूर्वी नवं होतं कुणास ठाऊक, अजून नवंच आहे. गडहिंग्लजकडचं हसूर पण तेच असावं असं मला वाटतं, फक्त मराठी तोंडात गेल्यावर ते हसायला लागलं. उलटं पण आहे. मायाक्काची चिंचली कर्नाटकात रायबाग तालुक्यात, आणि चिंच तर आपली. कानडीत चिंचेला हुणसे म्हणतात. गाव तिकडं, झाड तिकडं, नाव मराठी, आणि जत्रेला गाड्या भरभरून जातात त्या कोल्हापूर-सांगलीच्या.

येळ्ळूरचं काय झालं ते सगळ्यांना माहिती आहे. 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' अशी पाटी, जुलै २०१४ मध्ये ती पाडली, लोकांनी परत उभी केली, मग पोलीस, लाठ्या, घरात घुसून मारहाण. आत्या तेव्हा फोनवर रडत होती. मी टीव्हीवर ती पाटी पाहिली आणि, हे लिहिताना जरा लाज वाटतेय, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे की येळ्ळूर यात 'ऊर' आहे. ज्या नावासाठी मराठी माणसं मार खातायत ते नाव कानडी आहे. आत्याला हे सांगितलं असतं तर तिनं जन्मभर माझ्याशी बोलणं टाकलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. नावाचं मूळ कुठलं यावरनं गाव कुणाचं ते ठरत नाही, तिथली माणसं कुठल्या भाषेत रडतात त्यावरनं ठरवा म्हणावं. पण मग ह्याच न्यायानं आमच्या हालहळ्ळीचं काय? सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, जतकडची गावं कर्नाटकाला द्या म्हणूनच सांगितलं होतं, आणि निपाणी, खानापूर महाराष्ट्राला. दोन्हीकडच्यांनी आपल्याला हवं तेवढंच त्यातलं वाचलं. त्याच २०१४ च्या १ नोव्हेंबरला कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली, बेळगावचं बेळगावी, गुलबर्ग्याचं कलबुर्गी, विजापूरचं विजयपुरा. सोलापूर स्टँडवर कर्नाटकाची बस लागते तेव्हा पाटीवर कानडीत कलबुर्गी असतं आणि खाली उभा राहून कंडक्टर ओरडत असतो, "गुलबर्गा, गुलबर्गा, गुलबर्गा". बेळगावचं जुन्या लेखांतलं नाव वेणुग्राम, वेळूचं गाव. त्यात गावी खरं की गाव खरं हे त्या बांबूला विचारायला पाहिजे.

पंडितांचं तरी काय वेगळं आहे? इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावांची नावं गोळा केली आणि त्यांना बहुतेक ठिकाणी संस्कृत सापडलं. शं. बा. जोशी बेळगाव जिल्ह्यातले, लिहिलं बहुतेक कानडीत, त्यांना महाराष्ट्रभर कानडी सापडली. विश्वनाथ खैरे यांना तमिळ सापडली. तिघंही माझ्यापेक्षा हजारपट शिकलेले, त्यांची चेष्टा करायची माझी लायकी नाही. पण रात्री अंधारात ल-ळ करत पडलेली असताना मला वाटलं की आयीची गाय आणि मुत्त्याची पांढरी हीच गोष्ट आहे, फक्त तळटीपांसकट.

फेब्रुवारीत मामाच्या नातवाच्या जावळाला गेले होते. ज्वारी काढायला आली होती, रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कणसं माना टाकून उभी, करडईची काटेरी पिवळी फुलं, आणि काळ्या मातीचा तो जरासा आंबट वास जो गाडीची काच बंद असली तरी येतो. या वेळी ठरवून पाट्या वाचत गेले. हायवेच्या हिरव्या पाटीवर इंग्रजीत एक स्पेलिंग, मराठीत 'हालहळी', एक ळ गायब. मैलाच्या दगडावर रंग उडून नुसतं 'हाल' राहिलेलं, पुढं ३ किमी. हाल ३ किमी, त्याचा मी फोटो काढला. शाळेच्या भिंतीवर वर मराठी, खाली कानडी. पिठाच्या गिरणीवर 'हालळ्ळी', गिरणीवाल्यानं जसं बोलतो तसं लिहिलेलं, मला तेच सगळ्यात प्रामाणिक वाटलं. जेवणं झाल्यावर, कडक भाकरी, शेंगाची चटणी, हुग्गी वगैरे रेटून झाल्यावर, सोप्यात पडलेल्या मामाला विचारलं, मामा, दूध का ओसाड? त्यानं डोळे न उघडता सांगितलं, "डेअरी चालू होती तवर दूध." मग जरा वेळानं, "आता तू बघ की गावात फिरून." फिरले. दर तिसऱ्या घराला कुलूप, माणसं पुण्याला, भोसरी-चाकणला. माझ्या लहानपणी जिथं बारा म्हशी होत्या त्या गोठ्यात दोन मोटरसायकली आणि ठिबकच्या नळ्यांची वेटोळी.

२०२२ च्या शेवटी ते सगळं सुरू झालं होतं ना, जतच्या गावांवर कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी दावा सांगितला आणि मग अक्कलकोटच्या सीमेवरच्या गावांतनं पण आवाज आले की पाणी-रस्ते देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो, तेव्हा पुण्यात ऑफिसमध्ये सगळे चिडले होते. मला विचारलं होतं एकानं, तुमचं आजोळ तिकडचंच ना, काय यंडुगुंडु चाललंय तुमच्या लोकांचं? मी हसले. यंडुगुंडु ऐकलं की मी नेहमी हसते, कॉलेजपासूनची सवय. आईचा फोन आला की बाहेर जाऊन बोलायचे, कारण ती मधेच कानडीत घसरते आणि मग माझ्याही तोंडातनं "हौद", म्हणजे कानडीतलं हो, निघून जातं. आई सोलापुरात चाळीतल्या बायकांसमोर मामाशी बोलताना आवाज बारीक करायची ते मी बघितलेलं आहे. म्हणजे हे मला कुणी शिकवलं नाही, बघूनच आलं.

घरी आल्यावर शेवटी आईलाच फोनवर धरून बसवलं. म्हटलं, तू कानडी शाळेत शिकलीस, तुला कानडीत ल आणि ळ वेगळे लिहायला शिकवलेत, मला गावाचं नाव म्हणून दाखव. ती म्हणाली, "हालळ्ळी." म्हटलं, तसं नाही, सावकाश, एकेक अक्षर. "हा... ल..." थांबली. "हा... ळ..." परत थांबली. मग फोनवर बराच वेळ फक्त तिचं तोंड हलल्याचा आवाज, जीभ इकडून तिकडं. "थांब गं, असं तुकडे केल्यावर येईना." परत एका दमात म्हणाली, "हालळ्ळी." आता मी कान टवकारून ऐकत होते, आणि खरं सांगते, त्यातलं अक्षर दोन्हीच्या मधलं होतं. दातामागं पण नाही आणि टाळूवर पण नाही. पुढच्या ळ्ळीकडं धावत निघालेला ल. "दाखल्यावर काय आहे?" विचारलं. दाखला १९९३ च्या पावसात पत्र्याच्या पेटीसकट भिजला, त्याचं नंतर झेरॉक्सवरनं झेरॉक्स काढलेलं आहे, गावाच्या नावाच्या जागी एक काळपट डाग आहे, त्यातनं फक्त शेवटची वेलांटी ओळखू येते.

फॉर्मची मुदत संपत आली होती. मराठी रकान्यात हातानं दुरुस्ती करायला गेले तर तो रकाना लॉक. हेल्पलाइनला फोन लावला, तिथली मुलगी फार गोड बोलली, म्हणाली मॅडम इंग्लिश स्पेलिंग बरोबर आहे ना, मग चालतंय. म्हटलं मराठीत चुकीचं येतंय. ती म्हणाली, काय येतंय? मी वाचून दाखवलं. पलीकडं जरा शांतता, मग ती हसू दाबत म्हणाली, मॅडम सबमिट करून टाका. केलं. आठ दिवसांनी आईच्या मोबाईलवर मेसेज आला, तिनं चष्मा लावून मला मोठ्यानं वाचून दाखवला, नाव, वय, जन्मगाव हळहळली. मला वाटलं चिडेल.

"असू दे गं," म्हणाली, "दूध उतू गेल्यावर बाई हळहळणारच की." आणि लगेच, "अगं बाई, खरंच की, गॅसवर ठेवलंय," म्हणून तिनं फोन तसाच टाकला. बंद केलाच नाही. मला कितीतरी वेळ नुसता स्वयंपाकघरातला आवाज येत राहिला, पातेलं ओढल्याचा, फडक्याचा, आणि मधेच एकदा अगदी आयीच्या सुरात, टाळूवरनं, "हाळागि होगली!"